शिरलेला वारा

फुगा फुगला तेव्हा पाक कुंचोरो छताकडे बघत होते आणि डॉक्टर पालुपी पडद्याकडे.

पडद्यावर त्यांचं हृदय राखाडी सावलीसारखं हलत होतं. त्यावरून, पुढच्या भिंतीला रक्त नेणारी मोठी धमनी काळ्या रेघेसारखी खाली उतरत होती. मध्ये एका जागी ती पार आवळली गेली होती. मनगटातून सरकवत नेलेली जाळीची नळी पालुपीने बरोबर त्या जागी आणून ठेवली होती. आता फुग्याने ती भिंतीत दाबून बसवायची, एवढंच उरलं होतं.

"वाढव," ती म्हणाली.

शेजारी उभ्या असलेल्या तेगुहने पंपाची मूठ फिरवली. पडद्यावर फुगा काळा, गुबगुबीत झाला.

"थांब. बस. आता उतरव."

फुगा आकसला. तिने रंगद्रव्य सोडलं. धमनी वरपासून खालपर्यंत भरून वाहिली. आवळलेल्या जागेचा मागमूस नव्हता. तेगुह काचेमागच्या माणसांकडे बघून हसला. पालुपी हसली नाही.

त्याच जागेवरून डावीकडे एक फाटा निघत होता. सकाळच्या पहिल्या चित्रात तो कोवळ्या फांदीसारखा ठसठशीत होता. आता तोंडापाशी तो सुतासारखा झाला होता. मोठ्या धमनीत साचलेला चरबीचा चोथा फुग्याने बाजूला रेटला की कधी कधी तो शेजारच्या फाट्याच्या तोंडावर जाऊन बसतो. यात कुणाचा हात चुकतो असं नाही. पण ज्याच्या हातात फुगा असतो, त्याच्याच हातून ते होतं.

"पाक, दुखत नाही ना?" तिने विचारलं.

विचारल्याबरोबर तिला ते खटकलं. या गावात रुग्णाला असं कधी विचारायचं नसतं. माडियुनचा माणूस भिडस्त. डॉक्टर स्वतः राबतोय आणि आपण कुरकुर करायची, हे त्याला शोभत नाही. छातीवर म्हैस बसली तरी तो "काही नाही, डॉक्टर" म्हणतो. म्हणून पालुपीने स्वतःपुरता एक नियम केला होता, नव्या डॉक्टरांनाही ती तोच शिकवायची. दुखतंय का म्हणून विचारू नका. आता दुखणं कुठे आहे, बोट ठेवून दाखवा, असं सांगा. म्हणजे माणसाला नाही म्हणायची वाट राहत नाही.

आज तो नियम तिला आठवला नाही. किंवा आठवला, आणि तोंड दुसरंच बोललं.

"छान चाललंय," पाक कुंचोरो छताकडे बघत म्हणाले. "दहापैकी नऊ मार्क. एक हस्ताक्षराचा कापला."

सगळी खोली हसली. पालुपीचं हस्ताक्षर शाळेपासून वाईट होतं. पाक कुंचोरोंनी, म्हणजे कुंचोरो सरांनी, तिला पदार्थविज्ञान शिकवलं होतं, आणि तिचीच वही वर्गात उंच धरून "हे कोंबडीने सोडवलेलं गणित आहे, पण उत्तर बरोबर आहे," असं म्हटलं होतं.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. फाटा बारीक झाला होता, पण वाहत होता. त्यात शिरायचं तर नुकत्याच बसवलेल्या जाळीच्या भोकातून केसाएवढी तार घालायची. तार भलत्या थरात शिरली तर चांगली धमनी चिरते. प्रवाह चालू असेल आणि रुग्णाला दुखत नसेल तर असा फाटा डिवचू नये, हे तिने वाचलं होतं, आणि पाहिलंही होतं. दोन्ही अटी पुऱ्या होत होत्या.

"झालं," ती म्हणाली. "बाहेर घ्या."

*

प्रतीक्षागृहात पाक कुंचोरोंचे जुने विद्यार्थी गर्दी करून बसले होते. कुणी बँकेतून आलेला, कुणी दुकान बंद करून. केळीच्या पानात बांधलेल्या, शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या आणि कुरकुरीत पापड त्यांनी आणले होते, जे आजच्या दिवशी पाक कुंचोरोंना कुणी खाऊ देणार नव्हतं. त्यांचा मुलगा सुराबायाला असतो. तिथल्या मोठ्या इस्पितळात नेतो म्हणून तो हटून बसला होता, पण म्हाताऱ्याने ऐकलं नाही. "माझी पोरगी इथे आहे. तिला मीच दाब शिकवलाय, क्षेत्रफळ शिकवलंय. नळी रुंद करायला आणखी काय लागतं?" असं ते बाजारभर सांगत फिरले होते. इस्पितळातली धमन्या उघडायची ही खोली सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. अजूनही बरीच माणसं छातीचं काही निघालं की सरळ सुराबायाची गाडी पकडत. पाक कुंचोरो इथे झोपले म्हणजे निम्मं गाव इथे झोपायला तयार होईल, असं तेगुह म्हणायचा.

पालुपी बाहेर आली तेव्हा बँकेतला उठून उभा राहिला. "झालं व्यवस्थित?"

"मोठी धमनी छान उघडली."

"आणि छोटी?" कोणीतरी मागून गमतीने विचारलं. सगळे हसले.

पालुपीने वळून पाहिलं नाही. ती तशीच पुढे गेली.

पुढची रुग्ण एक कृश बाई होती, आणि तिचं काम सोपं होतं. हात आपोआप चालत होते. मध्येच तिने तेगुहला विचारलं, "पाक कुंचोरोंचा ईसीजी आला का?"

आला होता. काम आटोपल्यावर तिने हातमोजे काढून तो कागद खिडकीच्या उजेडात धरला. डाव्या बाजूच्या दोन ओळींत रेघ किंचित वर उचललेली वाटत होती. किंचित. वायर बोटभर इकडेतिकडे चिकटवली तरी एवढा फरक पडतो. तिने कागद उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला.

तिने वॉर्डात फोन लावला. वॉर्ड म्बाक यायुककडे होता. पन्नाशीची ही परिचारिका सगळ्यांची म्बाक, म्हणजे थोरली बहीण असल्यासारखी वागायची.

"म्बाक, पाक कुंचोरोंना काही तक्रार?"

"तक्रार? अहो डॉक्टर, मघाशी मलाच विचारत होते, तुझे गुडघे कसे आहेत म्हणून. दरबार भरलाय इथे. आता हाकलते सगळ्यांना."

"घाम वगैरे?"

"खोलीत एवढी माणसं, घाम मलाही आलाय."

"रक्त पाठवा. ट्रोपोनिन. आणि ईसीजी पुन्हा काढा."

"काढते. बू लास्मी तेवढ्या नवऱ्याचे कपडे बदलताहेत. पडदा लावलाय."

पालुपीने फोन ठेवला. दिलासा मिळायला हवा होता, तो मिळाला नाही.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूंतलं प्रथिन. ते असायला हवं स्नायूच्या आत. पेशी दुखावली की ते रक्तात उतरतं. फुगा फुगवला की तेवढा वेळ पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही, चोथ्याचे कणही खाली वाहून जातात, आणि म्हणून बऱ्याच जणांच्या रक्तात नंतर थोडं ट्रोपोनिन सापडतंच. त्यातलं किती नुसतं ओरखडा म्हणून सोडून द्यायचं आणि कितीला इजा म्हणायचं, यावर जगभरचे शहाणे अजून भांडतात. आकड्याची रेघ कुणी इथे ओढतो, कुणी तिथे. पालुपीला त्या सगळ्या रेघा पाठ होत्या. पण आकडा ज्याचा असतो त्याचा चेहरा आपल्याला माहीत असेल, तर त्या रेघांचा काही उपयोग होत नाही, हे तिला आज कळत होतं.

रक्ताचा निकाल आला. आकडा वाढलेला होता, ओरखड्याच्या पलीकडे. पण तसा फार पलीकडेही नव्हता. सुराबायातल्या तिच्या वरिष्ठांना फोन केला असता तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, "रुग्णाला दुखतंय?" आणि ती म्हणाली असती, "नाही म्हणतात."

नाही म्हणतात. ती उठली.

*

खोलीच्या दारातच तिला बामचा भपकारा आला. लवंगेचं तेल, कापूर, आणि वर आल्याच्या गरम पाण्याची वाफ. पाक कुंचोरो पलंगावर ताठ बसले होते. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, खाली लुंगी, वर त्या उकाड्यात शाळेचा जुना कोट. बू लास्मी शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पालुपीला पाहून त्यांनी उजवी मूठ मिटली आणि पदरासारखी पांघरलेली शाल त्यावर ओढून घेतली.

"ये, ये," पाक कुंचोरो म्हणाले. "हिला सांग जरा, मला काहीतरी खायला दे म्हणावं. बाहेर मुलं चटणी चाटताहेत, आणि मला इथे आल्याचं पाणी."

"पाक, पडून का नाही राहत?"

"पडूनच होतो की सकाळभर, तुझ्या टेबलावर."

"कोट का घातलाय?"

"तुमचा पंखा." त्यांनी वर बोट दाखवलं. पंखा बंद होता.

त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक मणी होते. मिशीत अडकलेले. बोलताना ते मध्येच थांबत, जणू शब्द शोधत आहेत. पाक कुंचोरोंना तिने कधी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं.

"मागून छाती तपासते," ती म्हणाली आणि तिने स्टेथोस्कोप कानाला लावला. "कोट काढा."

"पुढून ऐक की. हृदय पुढेच असतं. एवढं मलाही माहीत आहे."

"फुप्फुसं मागून ऐकतात."

"पालुपी, मी काय सांगतो—"

"डॉक्टर सांगताहेत ना, काढा," बू लास्मी एकदम म्हणाल्या, आणि मग स्वतःच दचकल्या.

कोट निघाला. पालुपीने सदरा मागून वर केला आणि तिचे हात जागीच थांबले.

मणक्यापासून दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा काढलेल्या होत्या, माशाच्या काट्यासारख्या, एकसारख्या अंतरावर. असली पाठ तिने लहानपणापासून पाहिली होती. तिच्या आजीची, वडिलांची, सर्दी झाली की स्वतःची. अंगात वारा शिरला की तेल लावून नाण्याच्या कडेने पाठ खरडायची. रेघा लाल उठल्या म्हणजे वारा निघाला. पण या रेघा लाल नव्हत्या. जांभळ्या होत्या, काही ठिकाणी काळ्या, आणि खालच्या दोन तर टरारून फुगल्या होत्या. रक्त पातळ ठेवणारी दोन-दोन औषधं अंगात असताना कुणीतरी हे केलं होतं. कातडीखाली रक्त अजून पाझरत होतं.

"बू," तिने हळू आवाजात विचारलं, "वारा कधी शिरला?"

बू लास्मींची मूठ उघडली. त्यात जुनं जाड शंभर रुपियाचं नाणं होतं, तेलाने चकचकीत.

"मी म्हटलं त्यांना, परिचारिकेला सांगू," त्या म्हणाल्या.  "म्हणाले, नको. बसलेला वारा नाही म्हणाले, बसलेल्या वाऱ्याने माणूस जातो, हा नुसता शिरलेला आहे. त्या थंडगार खोलीत उघडं निजवलं ना, म्हणून. खरडून काढ, म्हणाले. एरवी लाल होतात हो रेघा. आज काळ्या झाल्या. तेव्हा मला वाटलं, वारा फार आत गेलाय, म्हणून आणखी जोरात..." त्यांनी नाण्याकडे पाहिलं. "पोरी, माझ्या हातून काय झालं?"

"पाठ बरी होईल, बू. तुमच्या हातून काही झालेलं नाही." पालुपी पलंगाच्या पुढे आली आणि तिने पाक कुंचोरोंसमोर उभं राहून, प्रत्येक रुग्णाला सांगायची तसं सांगितलं, "दुखणं कुठे आहे, बोट ठेवून दाखवा."

त्यांनी आधी सदरा खाली ओढला. मग त्यांनी बोट नाही, अख्खा तळवा उचलला आणि छातीच्या डाव्या बाजूला ठेवला.

"कधीपासून?"

"तू शेवटचा फुगा फुगवलास तेव्हापासून."

"सकाळपासून?" तिचा आवाज चढला. "मी तुम्हाला विचारलं होतं!"

"विचारलं होतंस."

"मग?"

"कमी झालं होतं गं मध्ये. मग पुन्हा आलं." त्यांनी दाराकडे पाहिलं. दाराच्या काचेत बँकेतल्याचं डोकं दिसत होतं. "पडदा माझ्याही बाजूला होता, पालुपी. तू फाटा पाहिलास, तो मीही पाहिला. सकाळी होता तेवढा राहिला नव्हता. तुझा चेहरा पाहिला मास्कच्या वर. दहावीत प्रयोग बिघडला की तुझा असाच चेहरा व्हायचा. म्हटलं, चारचौघांत कशाला."

म्बाक यायुक ईसीजीचं यंत्र घेऊन आत आली होती, तिने शेवटचं ऐकलं. "भीड भिकेची बहीण, पाक," ती तारा चिकटवता चिकटवता करवादली. "माझे गुडघे विचारत होता ना मघाशी? स्वतःची छाती कोण सांगणार? आणि मी पडदा लावून निघून गेले. कपडे बदलताहेत म्हणे!"

कागद सरकत बाहेर आला. आता किंचित वगैरे काही नव्हतं. डाव्या बाजूच्या ओळी ठळकपणे वर उचलल्या होत्या. फाटा बंद झाला होता. त्याच्या पलीकडचा स्नायू सकाळपासून अर्धपोटी होता, आणि आता उपाशी.

त्यातला किती जिवंत असेल? पालुपीला माहीत नव्हतं. कुणालाच कळलं नसतं. पण उभ्या उभ्या तो कमी होत चालला होता, हे तिला नक्की ठाऊक होतं.

"यायुक, तेगुहला सांगा, खोली तयार कर. आत्ता. पुढचा रुग्ण थांबवा."

"पुन्हा?" बू लास्मी उठून उभ्या राहिल्या.

"राहू दे," पाक कुंचोरो म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, तरी वर्गातला आवाज सुटला नव्हता. "छोटा फाटा आहे. तुझं सकाळचं गणित चुकलेलं नव्हतं. मोठी नळी उघडली, ते महत्त्वाचं. लास्मी, बाहेर मुलांना सांग, माझ्याच नळ्या जुन्या आहेत, म्हणून पुन्हा—"

"नाही," पालुपी म्हणाली. "बू, असं सांगू नका. ऐका. मी नळी बसवली तेव्हा शेजारचा फाटा दबला. मला ते दिसलं होतं. त्यांना दुखत नाही असं धरून मी तो तसाच सोडला. आता तो बंद झालाय. मी परत जाऊन तो उघडायचा प्रयत्न करणार आहे. उघडेलच असं नाही. धमनीला इजाही होऊ शकते. पण नाही गेले तर हृदयाचा तेवढा तुकडा मरेल."

दार अर्धवट उघडं होतं. काचेतलं डोकं आता दारात होतं, त्याच्यामागे आणखी दोन.  या गावात एवढं सरळ कुणी बोलत नाही. बू लास्मींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि मग नाणं खुर्चीवर टाकून पालुपीचा दंड धरला.

"मग उभी काय राहिलीस?"

*

टेबलावर त्यांना पाठीवर निजवताना पाक कुंचोरो पहिल्यांदा कण्हले. पाठीमुळे. तेगुहने खाली मऊ घडी सरकवली.

पहिल्याच चित्रात दिसलं. मोठी धमनी खळखळून वाहत होती. फाट्याच्या जागी नुसता खुंट होता, निमुळता, चोचीसारखा. पलीकडे काही नाही.

पालुपीने तारेच्या टोकाला बोटांनी नवं वळण दिलं आणि ती आत सरकवली. तार जाळीपाशी गेली आणि मोठ्या धमनीत निसटली. तिने मागे घेतली. पुन्हा नेली. पुन्हा निसटली. जाळीला पुष्कळ भोकं होती, पण फाट्याच्या तोंडासमोर येणारं एखादंच. ते दिसत नाही. बोटाच्या टोकाला लागतं, लागलं तर.

"डॉक्टर," तेगुह पुटपुटला, "रक्तदाब उतरतोय."

"द्रव सोडा. जास्त नको."

तिसऱ्यांदा तार अडकली. पालुपीच्या पाठीवरून घामाची धार शिशाच्या जड कोटाखाली उतरत होती. जोर लावला की आत जाईल, हे तिला जाणवत होतं. आणि जोर लावूनच धमनी चिरते, हेही. तिने हात सैल सोडला, तार पूर्ण बाहेर काढली, वळण थोडं आखूड केलं. 

"पाक, मी इथेच आहे," ती म्हणाली, काहीतरी बोलायचं म्हणून.

"मला दुखतंय, पालुपी," ते म्हणाले.

त्या खोलीत हे वाक्य फारसं कुणी ऐकलं नव्हतं. काचेमागच्या माणसांनी माना वर केल्या.

"कुठे?"

"डावीकडे. दगड ठेवल्यासारखं. वाढतंय. हाताच्या करंगळीत उतरतंय. सकाळी एवढं नव्हतं. मला भीती वाटतेय."

"बोलत राहा. कमीजास्त होईल तसं सांगा. मला ते लागणार आहे."

तिने तार पुन्हा नेली. जाळीपाशी थांबवली, टोक अलगद फिरवलं. काहीतरी सैल झालं. तार एक दाणाभर पुढे सरकली, आणि मग अडथळ्याविना, फाट्याच्या वाटेने, लांबवर. तिने श्वास सोडला नाही. तार आत आहे म्हणजे बरोबर थरात आहे असं नव्हे. तिने सगळ्यांत बारीक फुगा मागवला, नेला, फाट्याच्या तोंडावर ठेवला.

"आता दुखणं वाढेल," ती म्हणाली. "सांगा मला."

"वाढलं. वाढलं. खूप. उतरव, पालुपी, उतरव!"

"उतरव," ती तेगुहला म्हणाली.

रंगद्रव्य. फाटा आधी नुसता धूसर होता. मग एकेका ठोक्यागणिक पुढे पुढे काळा होत गेला, शेवटच्या केसाएवढ्या टोकापर्यंत.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पालुपीने दोन्ही धमन्यांत दोन फुगे एकदम ठेवून जाळीचं तोंड नीट केलं, आणि त्यात बराच वेळ गेला. दुखणं काही लगेच थांबलं नाही. पाक कुंचोरो शेवटपर्यंत सांगत राहिले, थोडं कमी, अजून आहे, तेवढंच आहे, आता करंगळीतलं गेलं. ती प्रत्येक वेळी "बरं" म्हणत होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पालुपीने त्यांच्या छातीवर जेल लावलं आणि हृदयाचं चित्र पडद्यावर आणलं. पाक कुंचोरो कुशीवर होते. पाठीला थंड पाण्याच्या पट्ट्या होत्या. बू लास्मी पायाशी बसल्या होत्या. रक्तातला आकडा रात्रीतून चढला होता. आता त्याला ओरखडा म्हणणारं जगात कुणी सापडलं नसतं.

"पडदा इकडे कर," ते म्हणाले. "मला बघू दे."

तिने पडदा वळवला. डाव्या पोकळीच्या भिंती एकसारख्या आत येत होत्या, बाहेर जात होत्या. फक्त एका बाजूचा पट्टा, अंगठ्याएवढ्या रुंदीचा, इतरांबरोबर येत नव्हता. बाकीच्यांच्या ओढीने कसाबसा फरफटत होता.

"तो आळशी कोण?"

"तोच फाट्याचा भाग."

"मेला?"

"माहीत नाही," पालुपी म्हणाली. "रक्त बराच वेळ तुटलं की स्नायू बधिर होतो. जिवंत असतो, पण हलत नाही. मेलेला आणि बधिर झालेला, दोन्ही पडद्यावर असेच दिसतात. काही आठवड्यांनी बधिर असेल तो हलायला लागेल. मेला असेल तो नाही."

"आणि अंदाज?"

"काही वाचेल. सगळा नाही. काल सकाळी उघडला असता तर बहुतेक सगळा वाचला असता."

पाक कुंचोरोंनी पडद्यावरची नजर तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "काल सकाळी तू विचारलंस तेव्हा तुला 'नाही' ऐकायचं होतं."

"हो."

"मला ते कळलं, आणि मी ते दिलं. म्हणजे दोघांनी मिळून सोडवलेलं गणित." त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. "तू मला विचारताना विद्यार्थिनी होतीस. पुन्हा होऊ नकोस. निदान त्या खोलीत."

पालुपीने मान हलवली. 

"आता रोज सांगणार मी. कुठे काय होतंय ते. कंटाळशील."

"सांगा."

"छातीत आत्ता नाही. श्वास घेताना डावीकडे किंचित ओढल्यासारखं. मनगट ठणकतंय. पण सगळ्यांत जास्त पाठ. या बाईचा हात म्हणजे कानस आहे."

"मग 'आणखी जोरात, आणखी जोरात' कोण म्हणत होतं?" बू लास्मी कडाडल्या, आणि मग तोंडाला शाल लावून गप्प झाल्या.

"श्वास घेताना ओढल्यासारखं, हे कधीपासून?" पालुपीने विचारलं.

"पहाटेपासून. खोल घेतला तरच."

"घ्या खोल."

त्यांनी घेतला. चेहऱ्यावर जे उमटलं ते त्यांनी लपवलं नाही. पालुपीने यंत्राचं टोक पुन्हा छातीवर टेकवलं आणि त्या न हलणाऱ्या पट्ट्याभोवती, हृदयाच्या बाहेरच्या आवरणाला सूज येऊन तिथे पाणी जमतंय का, ते शोधायला सुरुवात केली.